तसले किती?

परळच्या आमच्या गाळ्यात एका गावची वीस-पंचवीस माणसं पाळीपाळीनं झोपायची. एक कामाला उठला की त्याच्या अंथरुणात दुसरा. माणसं बदलली, मेली, गावी गेली. गोष्टी मात्र कुणी वळकटीत बांधून नेल्या नाहीत. त्या माझ्याकडेच साठल्या बघा.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. न्हाव्यानं पेपर मोठ्यानं वाचला. परदेशात म्हणे कुणा डॉक्टरनं, बाप्यावर जीव लावणारे बापे किती, ते लोकांना विचारून मोजलं. आमचा मुकादम धोंडूभाऊ अर्ध्या दाढीनंच उठला. “विचारून? आणि खरं सांगायला ती माणसं येडी होती काय!”

*

तरी त्याच्या डोक्यातून ते जाईना. समोरच्या चाळीत गेला. “आमच्यात तसला कुणी नाय. तुमच्यात किती?”

“आमच्यातही नाय. पण तुमच्या गाळ्यात दोन हायत म्हणे!”

*

ते दोन म्हणजे विश्राम आणि बाबी. गिरणीत एका खात्यात कामाला, पाळी एकच मागून घ्यायचे, जेवायचे एका ताटात. गाळ्याची मीटिंग बसली. दोघांना काढायचं! पण काढल्यावर त्यांना एकत्र जागा देणार कोण?

खानावळवाली अनसूयाबाई दारात आली. “एका ताटात जेवतात म्हणून? मग रेशनच्या दिवसांत आमचं आख्खं घर तसलं होतं!”

माणसं हसली. तेवढ्यावर मुदत मिळाली. विश्रामनं शिमग्यापर्यंत लग्न करावं, नाहीतर दोघांनी गाळा सोडावा.

*

विश्राम गावी मुलगी बघून आला.

मी विचारलं, “कशी आहे रे?”

“चांगली आहे. म्हणून तर नको म्हणून आलो.”

*

मोर्च्याला निघताना कुणीतरी मुकादमाला डिवचलं, “भाऊ, एवढ्या गर्दीत तसले किती असतील?”

“एकही नाय! तसल्यांना मुंबई घेऊन काय करायचीय?”

विश्राम पुढेच होता, झेंडा घेऊन. त्यानं ऐकलं. झेंडा या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला.

*

त्या दिवशी गोळीबार झाला. विश्राम गेला.

हॉस्पिटलच्या दारात हवालदारानं बाबीला अडवलं. “तू कोण त्याचा?”

बाबी म्हणाला, “गाववाला.”

“गाववाल्याला आत सोडत नाय. बाजूला हो. नात्यातलं कोण आलंय?”

आम्ही सगळे खाली बघत उभे. धोंडूभाऊ टोपी काढून पुढे झाला.

“साहेब, गाववाले आम्ही. नात्यातला तो.”