भावाचा खुंट

मागूर मासोळीचा काटा उजव्या तळव्यात शिरला. आमच्याकडं अशा काट्यावर तंबाखू-चुना दाबून काम चालू ठेवतात. मीही ठेवलं. चौथ्या दिवशी तापानं शुद्ध गेली, तेव्हा घरच्यांनी चंद्रपूरच्या दवाखान्यात नेलं. जंतू रक्तात पसरले होते. तिथं बारा दिवस मी काय काय बडबडलो ते बायको सांगते. मला ते मान्य नाही.

बरा झालो. पण घरी आल्यावर दोनदा जाळं ओसरीतच ठेवून तलावावर गेलो. म्हणून पुन्हा तपासणी.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात कोणाला विसरायचा आजार होता?"

"नाई."

"काऊन खोटं बोलून राह्यले?" बायको म्हणाली. "यायचा मोठा भाऊ शेवटी मलेच विचारे, बाई, तू कोनाची?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "शरीराची फौज जंतूंशी लढते, तेव्हा कधी कधी मेंदूलाही मार बसतो. विसरायच्या आजारातही याच फौजेचा हात दिसतो. दोन्हींची काही मुळं रक्ताच्या नात्यातून येत असावीत. शोध चालू आहे. तुम्हाला होईलच असं नाही."

मग मी एकट्यानं तलावात डोंगा हाकायचा की नाही, हे ठरवायला त्यांनी कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. मी जन्मात घड्याळ बांधलं नाही. म्हटलं, तलाव काढतो.

आमच्या तलावात पाण्याखाली झाडांचे आठ खुंट आहेत. ज्याचं जाळं ज्या खुंटावर पहिल्यांदा फाटलं, त्याच्या नावानं तो खुंट. मी पाळ, म्हणजे तलावाचा बांध, काढली, खुंट मांडले. बायकोनं बोटानं मोजले. बाईंनी कागद ठेवून घेतला. म्हणजे मी पास, असं मी धरलं.

दुसऱ्या सकाळी एकटाच गेलो. जाळं अडकलं, ओढलं तर फाटलं. तो भावाचा खुंट. कागदावर मी सातच काढले होते.

पाळीवर बायको टोपली घेऊन उभी होती. "कालच दिसलं मले."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"त्या बाईसमोर? वर्षभर तोंड फुगवून बसले असते तुमी."

आमच्यात बायका मासे विकतात, डोंग्यात बसत नाहीत. ही आता पुढं बसते. भावाचा खुंट जवळ आला की डोंग्याच्या काठावर दोनदा ठोकते.

"मालूम हाये," मी म्हणतो.

कधी कधी खरंच मालूम असतं.