चकलीचा सराव

माझे बाबा पडदे रंगवायचे. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांचे पडदे: राजवाडा, जंगल, रस्ता, गरिबाची झोपडी. वडशाला आमच्या घरामागच्या मांडवात लांबच लांब कापड ताणलेलं असायचं, आणि बाबा त्यावर महालाचे खांब असे ओढायचे की बघणाऱ्याला वाटावं, पट्टी लावली असेल. पट्टी कधीच नाही! श्वास रोखायचा, कोपर आवळायचं, खांद्यापासून हात फिरवायचा आणि एका दमात रेघ संपवायची. असा हात मी दुसरा पाहिला नाही. लेक आहे म्हणून सांगत नाही, खरंच नाही पाहिला.

एकोणीसशे नव्वदच्या आसपास तो हात हलायला लागला. मांडीवर ठेवला की शांत, काही करायला उचलला की सुरू. आणि बाबांनी तो लपवायला काय काय केलं म्हणून सांगू! मनगटाखाली काठी धरली. लग्नाच्या पंगतीत जेवणं सोडलं, कोणी आग्रह केला की म्हणायचे, "नाई जी, पोट बिघडून राह्यलं." महाल टाळून जंगलच जास्त रंगवायला लागले, कारण झाडाची फांदी वाकडी गेली तर कोण विचारतो? आईनं हाताचं नाव काढलं तर ताटावरून उठायचे. बारा वर्षं हेच चाललं. शेवटी तोंडापर्यंत घास जाईना आणि आई भरवायला लागली, तेही दार लावून.

मी तेव्हा एटापल्लीला शाळेत शिकवत होते. नागपूरच्या एका डॉक्टरांनी सांगितलं, गोळ्यांचा आता उपयोग नाही, पण मुंबईत मेंदूत बारीक तार बसवतात, छातीत कातडीखाली छोटं यंत्र ठेवतात, आणि कंप थांबतो. बाबा ऐकून माझ्यावरच उखडले. "डोक्स्यात तार? मी काय रेडिओ हाओ?" मी म्हटलं, "रेडिओ असते तं बटन पिळून आवाज तरी बंद केला असता तुमचा." भांडण झालं, दोन दिवस अबोला झाला, आणि तिसऱ्या दिवशी बाबांनी स्वतःच पिशवी भरली.

मुंबईच्या दवाखान्यात तपासणीला एक कागद द्यायचे. त्यावर छापलेली चकली, म्हणजे आतून बाहेर गोल गोल जाणारी रेघ, आणि रुग्णानं पेन्सिलीनं ती गिरवायची. पहिल्या दिवशी बाबांची चकली म्हणजे कोंबडीनं उकरलेलं अंगण. बाबांचा चेहरा पडला. तिथल्या एका बाईंनी सहज सांगितलं, की ऑपरेशन चालू असताना तुम्ही जागे असाल, तेव्हाही हे काढून बघतील. झालं! बाबांनी ते डोक्यात घेतलं. मला म्हणाले, "वही आण, बाई. मोठ्या डॉक्टरापुढी फजिती नाई व्हाले पायजे."

आणि मी शहाणी, मास्तरीण! परीक्षेआधी सराव करावा हेच आयुष्यभर शिकवत आलेली. दोन वह्या आणून दिल्या. बाबा खाटेवर बसून सकाळ-संध्याकाळ चकल्या काढायचे. पहिली वही निम्मी होईपर्यंत नुसता गोंधळ. मग हळूहळू त्यांनी जुनी विद्या बाहेर काढली: श्वास रोख, कोपर आवळ, खांद्यापासून फिरव. दुसऱ्या वहीत चकली अशी उतरली की मला रडू आलं. मी शेजारच्या खाटांवर नेऊन दाखवली.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी ते मोठे डॉक्टर तारेच्या वाटेचा नकाशा आखत होते. सडपातळ, हळू बोलणारे गृहस्थ. बाबांना बघायची फार हौस, म्हणून त्यांनी आम्हाला संगणकाशेजारी बसू दिलं. पडद्यावर बाबांच्या मेंदूचे काळे-पांढरे काप. ते म्हणाले, उजव्या हातासाठी डोक्याची डावी बाजू. आणि गाठायची जागा खोल आत, हरभऱ्याच्या डाळीएवढी. आडव्या-उभ्या रेघांवर मोजून त्यांनी तिथं खूण केली. मग कवटीपासून तिथवर वाट काढायला लागले. एक वाट काढली, काप पुढे-मागे करून तपासली, रक्तवाहिनी आडवी आली, खोडली. दुसरी काढली, ती मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीला घासत होती, खोडली. घाई नाही, वैताग नाही. सहावी का सातवी वाट त्यांनी कापामागून काप तपासली आणि तरी पहिल्यापासून परत बघितली. मला तर तिसऱ्या वाटेलाच कंटाळा यायला लागला होता. बाबा मात्र पापणी न हलवता बघत होते. माझ्या कानाशी पुटपुटले, "चौकटी पाडून राह्यले साहेब. आपलंच काम हाय हे." खरंच होतं. बाबाही छोट्या चित्रावर चौकटी आखून तेच चित्र पडद्यावर मोठं करायचे आणि एक चौकट चुकली तर अख्खा पडदा पुसायचे.

एवढ्यात मला अवदसा आठवली आणि मी वही पुढे केली. "बघा डॉक्टरसाहेब, सराव केला बाबांनी."

डॉक्टरांनी पानं उलटली. खुश होतील म्हणून मी वाट बघतेय, तर त्यांनी वही मिटून बाजूला ठेवली. म्हणाले, "काका, एक काढा बघू माझ्यासमोर." बाबांनी काढली, झकास. "आता काढताना माझ्याशी बोला. गावाचं नाव सांगा, गावात काय काय आहे ते सांगा." बाबा बोलायला लागले आणि पेन्सिल कागद फाडून गेली.

"काका," डॉक्टर म्हणाले, "ही वाट मी कितीही मोजून काढली तरी शेवटचा एक-दोन मिलिमीटर यंत्राला कळत नाही. तो तुमचा हात सांगतो. तार आत असताना मी थोडी वीज सोडणार, हात थांबला तर जागा बरोबर, नाही तर सरकवायची. उद्या तुम्ही अशी श्वास रोखून, कंप दाबून चकली काढली असती, तर मी चुकीच्या जागी तार पक्की करून मोकळा झालो असतो. आणि ती पुन्हा पुन्हा घालता येत नाही, दर खेपेला आत रक्तस्राव व्हायची भीती असते."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. वह्या कोणी आणल्या होत्या? मीच ना! डॉक्टर मात्र चिडले नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाले, "हे न थांबता कशावर बोलू शकतात?" मी म्हटलं, "नाटकावर. कोणत्या अंकात कोणता पडदा, हे विचारा." त्यांनी लगेच उद्याच्या तपासणीच्या कागदावर 'चकली' खोडलं आणि लिहिलं: पाण्यानं भरलेला चमचा हातात धरायचा, आणि सोबत नाटक. मग बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. "आणि काका, हात हलत असेल तर हलतो म्हणायचं." बाबा जमिनीकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोक्याला धातूची चौकट आवळून बाबांना आत नेलं. मी बाहेर बाकावर. त्या चार-साडेचार तासांत मी स्वतःला इतक्या शिव्या घातल्या की शाळेतल्या पोरांनी ऐकल्या असत्या तर मला मास्तरीण म्हणणं सोडलं असतं. मला ऑपरेशनची भीती नव्हती. भीती बाबांची होती. आतल्या सहा-सात परक्या माणसांसमोर हा माणूस हात हलतो हे कबूल करेल? ज्यानं बायकोसमोर केलं नाही?

दार उघडलं आणि डॉक्टर आले. टोपी काढली, घाम पुसला आणि माझ्या शेजारी बसले.

"पहिल्या जागी वीज सोडली," ते म्हणाले, "आणि चमचा थांबला. काका नाटक सांगत होते, पाण्याचा थेंब सांडला नाही. आम्ही सगळे खुश. मी म्हटलं, बसवू या. तर काकांनी बोलणं थांबवलं."

"काय झालं?"

"म्हणाले, 'थांबा साहेब. मी दाबून राह्यलो. बोलता बोलता दाबाचं जमवलं मी. माह्या हात हलते.'" डॉक्टरांनी बाबांची बोली जशीच्या तशी सांगितली. "मग तार दोन मिलिमीटर मागे सरकवली. आता हात थांबलाय. दाबून नाही, खरा थांबलाय. मी तीनदा विचारलं त्यांना."

माह्या हात हलते. बारा वर्षांत मी हे शब्द बाबांच्या तोंडून ऐकले नव्हते, आणि आजही ते मी नव्हतेच ऐकले. मी बाकावरून उठले आणि त्या बंद दाराकडे तोंड करून मोठ्यांदा म्हणाले, "भैताड माणूस! आमाले काऊन नाई सांगतलं?" आणि डॉक्टरांसमोर, नर्सबाईंसमोर, येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांसमोर ढसाढसा रडले.