सूर्यभान आबांच्या अकरा मेंढ्या

आमचे आबा, म्हणजे सूर्यभान, बोरीत एका शाळेवर एकतीस वर्षं शिपाई होते. निवृत्त झाले तेव्हा घरातल्यांना वाटलं, आता माणूस निवांत ओट्यावर बसेल. बसले. पण हातात सुई घेऊन.

झालं असं की, आमच्या आजीच्या, केशरबाईच्या, डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि तिची गोधडी अर्धवट राहिली. आबा म्हणाले, "त्यात काय येवढं? वर-खाली, वर-खाली. घंटेचे टोल देण्यापेक्षा सोपंय." आजीचे डोळे महिन्यात बरे झाले, पण सुई काही परत मिळाली नाही.

आबा टाके घालायचे तेही शाळेच्या वेळापत्रकानं. पस्तीस मिनिटं झाली की "तास संपला" म्हणून उठायचे, माठातलं पाणी प्यायचे, पुन्हा हजर. नुसती ठिगळं जोडण्यात त्यांचं मन रमेना. ते गोधडीवर चित्रं काढायला लागले, कापडाची. पहिलं चित्र बघायला शेजारच्या मनकर्णाबाई आल्या. त्यांच्या घरी मेंढरं, म्हणून हातात काठी कायम.

"भाऊजी, वांगं लय झकास उतरलंय."

"वहिनी, शाळेची घंटा हाय ती."

"आसं व्हय? मग देठ कामून लावलाय?"

"दोर हाय तो!"

आबांनी ठरवलं, या बाईला उत्तर द्यायचं तर तिच्याच मेंढ्या काढून. चित्रातल्या जमिनीसाठी नोकरीतली खाकी पँट कापली. मेंढ्यांना पांढरं कापड पाहिजे. त्यांनी जुन्या कपड्यांचं बोचकं सोडलं, तळाला पांढरं मऊसूत कापड सापडलं, आणि एका दुपारीत अकरा मेंढ्या कातरून, टाचून मोकळे झाले. शेपटीसकट.

ती आजीची साडी होती. उंदरांनी कुरतडू नये म्हणून आजी चांगली साडी जुन्या चिंध्यांत लपवून ठेवते. उंदीर फसले. सोबत नवराही फसला.

आणि साधीसुधी साडी नाही. धम्मशीला आत्यानं पहिल्या पगारातून घेतलेली, निळ्या काठाची. बुद्ध पौर्णिमा नऊ दिवसांवर आलेली, आणि यंदा विहारात पुढं बसून वंदना सांगायचा मान पहिल्यांदा आजीला मिळालेला. तिनं पदर उचलून उजेडात धरला. पदराला अकरा मेंढ्यांच्या आकाराची अकरा भोकं. त्यातून तिला आबा दिसत होते.

"धम्मशीलाचे बाबा."

"नवी घिऊ की. परभणीला जाऊ, उद्याच."

"मी हीच नेसणार."

"मग मेंढ्या परत लावून देतो."

"वंदनेला मेंढरं घिऊन बसू व्हय मी?" आजी म्हणाली. "पौर्णिमेपत्तूर नेसण्यासारखी करा. न्हाई झाली तर सुई इहिरीत. पुन्ना हात लावायचा न्हाई."

आबांनी त्या रात्री भाकरी अर्धीच खाल्ली. सकाळी पेटीतून आपला निळा शर्ट काढला. भीमजयंतीला घालायचा, वर्षातून एकदा, बाकी वेळ कुणाला हात लावू द्यायचे नाहीत तो. कात्री घातली. निळ्या कापडाची पिंपळपानं करून एकेका भोकावर बसवायची, पांढऱ्या दोऱ्यानं शिरा ओढायच्या, असा बेत. अडचण एकच, मेंढीचे पाय पानाखाली मावेनात. पानं रुंद करावी लागली.

आजी येता-जाता बघायची. "पिंपळाचं हाय का पळसाचं?"

आबा पान उसवायचे, पुन्हा लावायचे. तास, मधली सुट्टी, सगळं विसरले. सातव्या दिवसापर्यंत बोटं इतकी टोचली होती की भाकरी मोडतानाही "आई गं" म्हणायचे. मनकर्णाबाईंनी पदर पाहिला, काठी टेकवली आणि पहिल्यांदाच काहीही म्हणाल्या नाहीत. आबा त्यानंच जास्त घाबरले.

पौर्णिमेला सकाळी आजी साडी नेसून बाहेर आली. चप्पल घातली, निघाली. सुई वाचली होती, पण आबांना तेवढ्यानं कुठलं समाधान!

वंदना झाल्यावर बायका आजीभोवती जमल्या. परभणीहून आलेल्या राजेश्री मॅडमनी पदर हातात घेतला. "मावशी, असं काम मी कुठं बघितलं नाही हो. कुणी केलं?"

पुरुषांच्या बाजूला आबांनी मान इतकी लांब केली की शेजारच्याला वाटलं, काही सांडलं.

"परभणीहून आणली," आजी म्हणाली.

आबा घरापर्यंत दहा पावलं पुढंच चालले. दारात पोचल्यावर फुटले. "माझं नाव घ्यायला काय झालतं तुला? नऊ दिवस! शर्ट गेला माझा!"

"नाव सांगितलं आस्तं तर उद्या साऱ्या बाया साड्या घिऊन दारात," आजी म्हणाली. "आन् माझी गोधडी कोन पुरी करनार? गेली थंडी मी चादरीवर काढली. आदी माझं काम. मग सांगते त्या मॅडमला."

आबा मागं वळले. "म्हंजी, चांगली झालीय?"

"वाईट आस्ती तर तुमचंच नाव सांगितलं आस्तं."

आबांनी चष्मा पुसला, गोधडी ओढली, इकडंतिकडं चाचपलं. "अगं, दोरा कुठाय?"

"तुमीच हुडका. कलाकार तुमी."