ओरखड्यांची यादी

साताऱ्याच्या एका बँकेत तीस वर्षं मी लोकांच्या सह्या जुळवल्या. एक पेन्शनर सुभेदार माझ्यासमोर मिशीला पीळ भरत उभा असताना, मी त्याच्याकडे तो जिवंत असल्याचा दाखला मागितला होता. पुढं संस्थान विलीन झालं, सांगलीत दरबारी वस्तूंचं संग्रहालय निघालं आणि व्यवस्थापक म्हणून मला बोलावणं आलं. कलेतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. पण हा माणूस कुणावर विश्वास ठेवत नाही, ही कीर्ती कृष्णेच्या पाण्याबरोबर खालपर्यंत पोचली होती.

पहिल्याच महिन्यात दरबारी गवयांचा तंबोरा मिरजेला दुरुस्तीला द्यायची वेळ आली. मिरजेत अदलाबदल झाली तर? मी भिंग घेऊन दोन दिवस बसलो आणि ओळखीच्या खुणांची यादी केली. दांडीवर ओरखडा, भोपळ्याला चीर, एक खुंटी ढिली, एक तार घोगरी. अशा सत्तावीस! आता बदलून दाखवा म्हणावं.

महिन्यानं कारागीर स्वतः तंबोरा घेऊन आला. सत्तरीचा म्हातारा, चार पिढ्या दरबाराची वाद्यं करणारं घर. मी यादी उघडली. ओरखडा नाही. चीर नाही. सत्तावीसपैकी एकही खूण नाही!

"हा आमचा तंबोरा नव्हे."

"आवं सायेब, त्या खुणा घालवायलाच तर दिला हुता न्हवं?"

दारातला शिपाई खोकला. हसू दाबत होता, की ह्यात सामील होता?

"चोर असंच बोलतो," मी म्हणालो.

म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. "सायेब, ह्ये मिरजेत कळलं तर एक गवई माज्या दारात यायचा न्हाई. भोपळ्यावरच्या ह्या लाकडी तबलीला आतनं माज्या आज्याची खूण हाय. खोलून दावतो. पर जुनं लाकूड हाय, पुन्ना तसंच बोलंल असं सांगत न्हाई."

शहाणा माणूस तिथं थांबला असता. मी कागद पुढं सरकवला. "आधी खूण काढून दाखवा."

त्यानं बिनशेपटीचा मासा काढला. "डागताना आज्याचा हात हालला हुता." मग वाफ देऊन, पातळ सुरी फिरवत त्यानं तबली सुटी केली. आत मासा होता. शेपूट नव्हतं.

तरी मी पाऊण तास त्या माशावरून भिंग हलवलं नाही. शेवटी 'तंबोरा खरा' असं शिक्क्यानिशी लिहून दिलं. कागद टोपीत खोचून त्यानं तबली पुन्हा सरसानं चिकटवली. आठ दिवसांनी येऊन तारा चढवल्या, छेडल्या. भिजल्या खोक्यावर टिचकी मारावी तसा आवाज आला.

"हीबी खूण लिवून घ्या," म्हणाला आणि निघून गेला.

नंतर मी तीनदा वाद्यं घेऊन मिरजेला त्याच्याकडे गेलो. तिन्ही वेळा चहा फक्कड मिळाला, दुरुस्ती तेवढी नाही. तिसऱ्यांदा त्यानं माझ्या मांडीवरची सतार लांबूनच न्याहाळली.

"चांगली हाय. पर ही तुमचीच कशावरनं?"

मी तीस वर्षांचा अनुभवी माणूस. चहा संपेपर्यंत एक पुरावा सुचला नाही. सतार उचलून स्टेशनची वाट धरली.