डॉक्टर गोरक्ष, पॅकिंग विभाग

अंबडच्या एका कारखान्यात खोकी बांधणाऱ्या गोरक्षच्या जिवाला एकच घोर होता. आपण शिकलेले आहोत, हे तिथं कुणाला कळता कामा नये. चोरी लपवता येते हो, पण शिक्षण लपवणं महाकठीण.

गेटवरच्या पाटीवर स्वच्छ लिहिलं होतं, 'दहावी पास पाहिजेत. पदवीधरांनी तसदी घेऊ नये.' पदवीधर चार महिने टिकतात आणि कुठलीतरी परीक्षा द्यायला पळतात, असा मालकांचा अनुभव. गोरक्षने कांद्यावरच्या करपा या बुरशीच्या रोगावर सात वर्षं संशोधन केलेलं. कॉलेजांतून तासांवर शिकवून शिकवून बिचाऱ्याच्या चपला झिजल्या. शेवटी त्याने अर्जाला नुसती दहावीची मार्कशीट जोडली आणि चिकटला. डब्यातल्या शिळ्या भाकरीवर बुरशी दिसली की तिचं शास्त्रीय नाव ओठांवर यायचं, ते तो चहाबरोबर गिळायचा. दोन वर्षं गिळलं. आता सोमवारी तो कायम होणार होता.

आणि नेमकी शुक्रवारी त्याची पीएच.डी. जाहीर झाली. फोनवर आईला सांगितलं, ही त्याची चूक. पोरगा कारखान्याच्या लॅबमध्ये साहेब आहे असं समजणाऱ्या सिंधुबाई शनिवारी सकाळीच सटाण्याहून एसटीने निघाल्या. कंडक्टरपासून पेढे वाटत थेट कारखान्याच्या गेटवर.

"माझा मुलगा डॉक्टर शे," त्यांनी वॉचमनला सांगितलं.

कारखान्यात कुणी डॉक्टर नव्हता. वॉचमनने सुपरवायझर मनोजसाहेबांना बोलावलं. साहेबांना गंमत वाटली, ते बाईंना आत घेऊन आले. समोर निळ्या गणवेशात, हातात चिकटपट्टी घेऊन गोरक्ष उभा. बाई त्याला बघून थबकल्या.

"गोरक्ष, या तुझ्या आई?" साहेबांचा चेहरा उतरला. "म्हणजे डॉक्टर तू?"

गोरक्ष पेचात पडला. हो म्हणावं तर नोकरी जाते, नाही म्हणावं तर आईच्या तोंडावर कसं म्हणावं? सिंधुबाईंनी गणवेश पाहिला, खोकी पाहिली, पोराचे डोळे पाहिले. गेटवरची पाटी त्यांनी येताना वाचलीच होती. ही बाई सटाण्याच्या बाजारात वर्षानुवर्षं कांदा विकत आलेली, तिला समजायला कितीसा वेळ लागणार.

"नाही हो साहेब," त्या म्हणाल्या, "डॉक्टर मोठा शे. हाऊ धाकला. याची दहावीच कशीबशी निघाली."

"मग ठीक!" साहेबांनी सुटकेचा श्वास सोडून पेढा तोंडात टाकला. "मला वाटलं, चांगला माणूस हातचा गेला. मोठ्याला आमचं अभिनंदन सांगा."

सिंधुबाईंना गोरक्ष हा एकुलता एक.

गेटपर्यंत पोचवायला गेलेल्या गोरक्षला रडू आवरेना. लाज वाटत होती आणि आईचा अभिमानही वाटत होता. तिने पदराने त्याचं तोंड पुसलं.

"रडस काय?" ती दटावून म्हणाली. "तो डॉक्टर व्हई गया. आते तू पर्मनंट व्हय."