कुडाची भिंत

मी मूळची डहाणूच्या किनाऱ्यावरच्या चिखल्याची, नोकरी आत तलासरीत, वेवजीकडच्या एका आदिवासी पाड्यावरच्या शाळेत. बोलायची मला भारी हौस. घरचे म्हणतात, हिला गप्प करायला ताप यावा लागतो.

त्या हिवाळ्यात डहाणू-तलासरीत जमीन सारखी हलत होती, म्हणून आम्हा शिक्षकांना एका दिवसाचं प्रशिक्षण मिळालं. घाबरलेल्या माणसाजवळ बसा, पाणी द्या, तो बोलेल ते ऐका, आणि जे आपल्या हातात नाही त्याची खात्री देऊ नका. मी सगळं सुवाच्य अक्षरात उतरवून घेतलं.

चारच दिवसांनी, शाळा भरताना मोठा धक्का बसला. मुलं मैदानात काढून मोजली, तर दुसरीतली एक मुलगी आलेलीच नव्हती. घर जवळच होतं, मीच गेले.

मायलेकी अंगणातल्या जुन्या चुलीच्या खोपीत बसल्या होत्या. खोपीला कूड, म्हणजे कारवीच्या काठ्यांवर शेणमाती लिंपलेली भिंत. समोर मजुरीतून बांधलेलं विटांचं नवं घर. मुलगी आईला चिकटून थरथरत होती. मी शेजारी बसले, पाणी दिलं. दोघी काही बोलेनात आणि ती शांतता मला सोसवेना.

"अहो, एवढं पक्कं घर सोडून इथे काय बसलात? त्याला काही होत नाही. मी सांगते ना!"

"बाई, कूड हालतो, पडत नाय," आई हळूच म्हणाली.

मी चक्क हसले. आमच्या किनाऱ्याच्या बागायती वाड्यांमधल्या पक्क्या घरांत वाढलेली मी; विटा म्हणजे भक्कम आणि कूड म्हणजे गरिबी, एवढंच मला ठाऊक. मुलीचा हात धरून तिला घरात नेलं, खाटेवर बसवलं. आईही मुकाट मागून आली. थोड्या वेळाने मुलीची थरथर थांबली. स्वतःवर खूश होऊन मी शाळेत परतले.

दुपारी पुन्हा धक्का बसला. खाटेजवळची भिंत आत कोसळली आणि मुलीचा उजवा हात कोपरात मोडला. कुडाची नुसती शेणमाती उकलली होती.

दवाखान्यात मी माफी मागितली. त्या बाईने मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "तुमी सांगितला म्हणून आत गेलो."

हात जुळला, पण थोडा वाकडाच. मुलगी शाळेत येते आणि बाहेर पडवीत बसते. वर्गात पाऊल टाकत नाही. मीही दारात खुर्ची टाकून शिकवते.

काल ऊन फार होतं. न राहवून मी विचारलं, "आत बसतेस का गं?"

तिने लगेच दप्तर उचललं. उंबऱ्याशी येऊन थांबली, भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बाई, तुमी सांगता?"

मी दारातली खुर्ची उचलली आणि बाहेर पडवीत तिच्या जागेशेजारी मांडली.