तिरडीवर कोण झोपणार

बालाजी तिरडीवर आडवा होता. नाकात कापूस, अंगावर पांढरं कापड, वर गुलाल. भर दुपारी आम्ही अर्धापूरजवळच्या केळीच्या बागेत होतो. सलीमनं कॅमेरा लावला होता. मी 'ॲक्शन' म्हणणार, तेवढ्यात बांधावरून जेवणाचा डबा घेऊन बालाजीची आई आली. सरूबाई.

ती ओरडली नाही. डबा खाली ठेवला, रडायला बसवलेल्या बायकांमधून वाट काढत तिरडीजवळ आली, पोराच्या नाकातला कापूस काढला आणि म्हणाली, "ऊठ."

हिरो उठला. माझं कुठलंही डायरेक्शन त्यानं इतक्या चटकन ऐकलं नव्हतं.

"मावशी, हे खोटं हाय. पिक्चर हाय," मी म्हणालो.

"मला दिसतंय की," ती म्हणाली आणि पोराला घेऊन गेली. डबा तेवढा आमच्यासाठी ठेवला.

मी लातूरचा. लग्नाचे व्हिडिओ करतो आणि उरलेल्या वेळात भुताचे पिक्चर. भुताचेच का, असं लोक विचारतात. भूत अंधारात असतं. अंधारात सेट दिसत नाही, कपडे दिसत नाहीत आणि ॲक्टिंग तर अजिबात दिसत नाही. आमच्यासारख्यांना हे सोयीचं पडतं. त्यात तो अंधारही खरा नसतो. दिवसा शूटिंग करायचं आणि नंतर कॉम्प्युटरवर चित्र काळं-निळं करून रात्र बनवायची. याला 'डे फॉर नाइट' म्हणतात. माझ्या एका पिक्चरमध्ये अमावास्येच्या रात्री भुताची ठळक सावली पडलेली आहे.

या पिक्चरची गोष्ट साधी होती. काका शेतासाठी पुतण्याचा खून करतो आणि पुतण्या भूत होऊन सूड घेतो. बालाजी पुतण्या. त्याचा जिवंतपणीचा भाग शूट झाला होता, मेल्यानंतरचा सगळा राहिला होता. दुसरा हिरो घ्यावा तर झालेलं सगळं वाया. थांबावं तर बाग राहत नव्हती. घड तयार झाले होते. व्यापाऱ्याचा ट्रक येणार, घड जाणार आणि मालक बाग मोडणार.

संध्याकाळी मी आणि सलीम सरूबाईच्या घरी गेलो. तिनं चहा दिला. आमचा हिरो कोपऱ्यात लसूण सोलत बसला होता. माझ्याकडे बघायचं त्यानं टाळलं.

"मावशी, कलेसाठी माणसाला..." मी सुरुवात केली.

"सर, याच्या बापाच्या नाकातला कापूस मी बघितला हाय," ती म्हणाली. "पोराच्या न्हाई बघायचा. लटका बी न्हाई."

कलेवरची माझी पुढची वाक्यं मी चहाबरोबर गिळली. कप खाली ठेवून म्हणालो, "बरं. मग सलीमला झोपवू. तोंडावर कापड टाकू."

"त्याला आई हाय का?"

"हाय की. नांदेडला."

"तिला इचारलं का?"

सलीम हळूच म्हणाला, "अम्मी मारेगी, सर."

"मग मी झोपतो," मी म्हणालो.

"तुम्हाला हाय का आई?"

"हाय. लातूरला."

"लावा फोन."

मी स्पीकर चालू केला. "आई, पिक्चरमधी मला मेलेलं दाखवायचंय. चालंल का?"

"काय करावं लागतंय?"

"तिरडीवर झोपायचं."

"झोप की. घरी तरी दिवसभर काय येगळं करायलास?"

सगळ्यांत आधी सरूबाई हसली. मग तिनं आपली अट सांगितली. बालाजीला मारायचं नाही. आजारी पाडला तर हरकत नाही. आणि शूटिंग होईपर्यंत ती स्वतः बागेत बसणार.

तिथंच बसून गोष्ट बदलली. आता काका अंधारात चुकून बागेच्या राखणदाराला मारतो आणि राखणदार भूत होतो. राखणदार म्हणजे मी. अडचण एकच होती. मूळ गोष्टीत पुतण्याचं भूत बायकोला भेटायला खिडकीशी यायचं. राखणदार खिडकीशी आला तर तो वेगळ्याच प्रकारचा पिक्चर झाला असता. म्हणून माझं भूत खिडकीशी येऊन आपली बॅटरी परत मागतं.

दुसऱ्या दिवशी मला तिरडीवर बांधलं. मेल्यावर डायरेक्शन करणं अवघड असतं. मी 'ॲक्शन' म्हणायचो आणि मरायचो. बायका हळू रडायला लागल्या की मीच खालून सांगायचो, "जरा मोठ्यानं." त्यावर त्या हसायच्या.

"बायांनो, सर मेलेत," सरूबाई छत्रीखालून म्हणायची. "हसू नका."

त्यात माझं पोट. श्वास रोखला तरी ते आपल्या गतीनं वर-खाली होत होतं. "सर, मय्यत का पेट हिल रा," सलीमनं कॅमेऱ्यामागून कळवलं. शेवटी पोटावर फुलं रचली. मग फुलं हलायला लागली. ती तशीच पिक्चरमध्ये आहेत.

शेवटचा शॉट झाला तेव्हा बागेच्या दुसऱ्या टोकाला घड उतरवायला सुरुवात झाली होती. माझ्या भुताच्या किंकाळीत ट्रकचा हॉर्न मिसळला आहे. कुणी विचारलं तर तो मुद्दाम घातलाय, असं मी सांगतो.

लातूरच्या एका मंगल कार्यालयात, खिडक्यांना चादरी लावून आम्ही तो पिक्चर दाखवला. पहिल्या रांगेत माझी आई होती. तिरडीचा सीन आला. पडदाभर माझं पोट आणि त्यावर हलणारी झेंडूची फुलं. सगळा हॉल हसला. मीही हसलो. मग आईच्या खुर्चीकडे बघितलं तर ती रिकामी होती.

आई बाहेर पायरीवर बसली होती. पदरानं तोंड पुसत होती.

"आई, हसायचा सीन झाला तो," मी म्हणालो.

"हाव. सगळे हसतच हुते."

मी शेजारी बसलो. ती रस्त्याकडे बघत राहिली.

"फोनवर मला वाटलं, नुसतं झोपायचंय," ती म्हणाली. "सुतळीनं बांधतेत हे तू सांगितलं न्हाईस."

मी रिक्षा थांबवली आणि तिच्याबरोबर घरी गेलो. पिक्चरचा शेवट आम्ही दोघांनीही बघितला नाही. तो बघितलेल्या लोकांनी नंतर मला सांगितलं की आमचं काही नुकसान झालं नाही.

त्यानंतरच्या माझ्या कुठल्याही पिक्चरमध्ये मेलेला माणूस दिसत नाही. दार लागतं, आतून काहीतरी पडल्याचा आवाज येतो, अंगणात एक चप्पल राहते. एवढंच. परवा नांदेडच्या एका छोट्या महोत्सवात परीक्षकांनी माझं नाव घेऊन सांगितलं की मृत्यू न दाखवता त्याची भीती दाखवणं, ही संयत शैली नव्या लोकांनी अभ्यासावी. कार्यक्रम संपल्यावर दोन-तीन पोरांनी मला गाठून विचारलं, ही शैली तुम्हाला कशी सापडली.

मी म्हणालो, वाचन पाहिजे.